रेड वाइन बाटलीत जुनी होते म्हणजे चवीत काय होतं, आणि ते स्वतः चाखून कसं शिकायचं

खूप घरांत एक बाटली असते. कोणीतरी फॉरेनहून येताना आणलेली नाहीतर गिफ्ट आलेली, शोकेसमध्ये उभी, वर ट्यूबलाइट, आणि वाइन जेवढी जुनी तेवढी भारी या समजुतीवर पाच-सात वर्षं कोणी तिला हात लावत नाही. ती बाटली याच शनिवारी उघडा. बहुतेक वेळा ती लगेच प्यायला बनवलेली साधी वाइन असते आणि तिचा चांगला काळ केव्हाच निघून गेलेला असतो, अगदीच आंबली नसेल तर मटण शिजवताना घाला, पण शोकेस मोकळं करा.

हा लेख अशांसाठी ज्यांनी रेड वाइन थोडीफार प्यायलीय, कॅबर्ने आणि शिराझ ही नावं ऐकून माहितीयत, आणि आता हे एजिंग एजिंग म्हणतात ते काय प्रकरण आहे ते बघायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या रेड वाइनची चव सगळ्यांना आवडते असं अजिबात नाही. ताज्या फळाचा रसरशीतपणा जातो आणि त्याच्या जागी सुकं अंजीर, तंबाखू, चामडं, ओला पालापाचोळा असले वास येतात, ऐकायलाच विचित्र वाटतं. काही लोक त्या वासाने पार वेडे होतात, काहींना वाटतं वाइन खराब झालीय. तुम्ही कुठल्या गटातले हे पैसे घालायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणून आधी दुसऱ्या कोणीतरी जुनी करून विकलेली वाइन चाखायची आणि आवडली तरच स्वतः बाटल्या ठेवायच्या. लोक नेमकं उलटं करतात, आधी बाटल्या ठेवायचा वाइन कूलर घेतात.

पायरी १: बाटलीत काय चाललेलं असतं

रंग, तुरटपणा आणि वास, एवढ्या तिघांकडे लक्ष ठेवलं तरी सुरुवातीला पुरे.

रेड वाइनला रंग येतो द्राक्षाच्या सालीतून, त्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, ते सालीतून, बियांतून आणि थोडं लाकडी पिंपातून वाइनमध्ये उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच हे, टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पडतं. आता बाटली वर्षानुवर्षं पडून राहिली की टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, तुटतात, परत वेगळे जोडले जातात, आणि त्यातले काही इतके मोठे होतात की विरघळलेले राहूच शकत नाहीत, तळाशी बसतात. जुन्या बाटलीच्या तळाला काळपट गाळ दिसतो तो हाच, ती भेसळ नाही आणि प्यायला गेला तरी काही अपाय नाही, फक्त कडवट आणि रेतीसारखा लागतो. रंग आणि टॅनिन दोन्ही असे खाली गेल्यामुळे जुनी वाइन दिसायला फिकी आणि तोंडात मऊ. व्हाइट वाइनचं उलटं असतं, ती वयाबरोबर गडद होत जाते.

वासाचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे. तरुण वाइनमध्ये चेरी, प्लम, ब्लॅकबेरी असे ताज्या फळांचे वास असतात, ते देणारी एस्टर नावाची काही संयुगं हळूहळू मोडतात, त्यामुळे फळ आधी शिजलेलं वाटायला लागतं आणि मग सुकलेलं. त्याच वेळी नवीन संयुगं तयार होतात. उदाहरणार्थ डायमिथाइल सल्फाइड नावाचं गंधकाचं एक संयुग बाटलीत हळूहळू वाढत जातं, अगदी थोडं असेल तर ट्रफल नावाच्या अळंबीसारखा नाहीतर काळ्या ऑलिव्हसारखा वास, जास्त झालं तर उकडलेल्या कोबीसारखा. सुरुवातीला पिंपाचा व्हॅनिलासारखा वास वेगळा वर आलेला असतो, तोही हळूहळू बाकीच्यात मिसळून जातो.

आणि हे सगळं घडायला थोडासा ऑक्सिजन लागतो, जो बाटली भरताना आत राहतो आणि बुचातून अगदी कणाकणाने येत राहतो. थोडासा म्हणजे खरंच थोडासा, जास्त आला की वाइन मेली.

आता महत्त्वाचं, जे नवीन लोकांना कोणी सांगत नाही. काही गोष्टी वयाने बदलत नाहीत. अल्कोहोल जेवढं आहे जवळपास तेवढंच राहतं. एकूण आम्लताही फारशी कमी होत नाही, उलट फळ कमी झालं की आंबटपणा जास्त उघडा पडतो. काही कॅबर्नेमध्ये हिरव्या कॅप्सिकमचा वास असतो, तो देणारी पायराझिन जातीची संयुगं चिवट असतात, दहा वर्षांनीही तिथेच असणार. म्हणजे आज जी वाइन घशाला जाळतेय, अंगावर येईल इतकी आंबट आहे किंवा कच्ची लागतेय ती ठेवून सुधारेल अशी आशा करू नका. वयाने मऊ होतो तो तुरटपणा, बाकीचे दोष म्हातारपणी जास्त दिसतात.

पायरी २: तरुण आणि जुनी शेजारी शेजारी ठेवून प्या

यासाठी माझ्या मते सगळ्यात सोयीची जागा म्हणजे स्पेनमधलं रिओहा. फ्रान्समधल्या बोर्दोचं नाव जास्त मोठं आहे, पण तिथली चांगली वाइन तरुण असताना विकली जाते आणि जुनी हवी असेल तर स्वतः थांबा नाहीतर लिलावाच्या किमती मोजा. रिओहात वाइनरीच तुमच्यासाठी थांबते, नियमच तसे आहेत. क्रियांझा म्हणजे किमान दोन वर्षं जुनी, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या लाकडी पिंपात. रेसेर्वा म्हणजे किमान तीन वर्षं, त्यात एक वर्ष पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वा म्हणजे किमान पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात आणि दोन बाटलीत. हे किमान आहे हां, आरो नावाच्या गावात रेल्वे स्टेशनला लागून जुन्या वाइनरींची रांगच आहे, त्यातल्या १८७७ सालच्या लोपेझ दे एरेदिया किंवा १८९० सालच्या ला रिओहा आल्तासारख्यांच्या ग्रान रेसेर्वा तर दहा-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त थांबून बाजारात येतात.

ओळखायला सोपं: बाटलीच्या मागे रिओहाचा सरकारी शिक्का असलेली पट्टी असते, क्रियांझाची लाल, रेसेर्वाची गडद मरून, ग्रान रेसेर्वाची निळी, आणि ज्या वाइनवर यातलं काही नाही तिची हिरवी. स्पॅनिश येत नसलं तरी रंग बघून घेता येतं.

तर करायचं काय, एकाच वाइनरीची एक क्रियांझा आणि एक ग्रान रेसेर्वा घ्यायची. दोघांत मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो, जोडीला गार्नाचा, ग्रासियानो वगैरे. युरोपात किंवा अमेरिकेत राहत असाल तर प्रश्नच नाही, वीस-तीस युरोंपासून बरी ग्रान रेसेर्वा मिळते, तेवढ्या पैशांत दुसऱ्या बऱ्याच ठिकाणची नुसती तरुण बाटली येते. भारतात इम्पोर्टेड वाइन ड्युटीमुळे महाग पडते, मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत चौकशी करा नाहीतर येणाऱ्या कोणाला तरी सांगा, ड्युटी-फ्रीची हद्द दोन लिटरची आहे म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात आणि आपल्याला लागतातही दोनच.

चार-पाच जण जमवा. दोन सारखे ग्लास प्रत्येकी, पाऊण रिकामे. खाली पांढरा कागद. ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा: तरुण वाइनची कड जांभळट-गुलाबी असते, जुनीची विटकरी, आणि फारच जुनी असेल तर तपकिरीकडे झुकलेली. लेबल न बघता वयाचा अंदाज घ्यायची ही सगळ्यात भरवशाची खूण. मग ग्लास न हलवता वास घ्या, मग हलवून घ्या. इथे घाई करू नका. जुनीचा वास सुरुवातीला बंद खोलीसारखा कुबट येऊ शकतो, दहा मिनिटांत उडून जातो, तोपर्यंत तिच्याबद्दल मत बनवायचं नाही.

प्यायल्यावर तुरटपणा कुठे जाणवतो त्याकडे बघा. तरुण वाइनमध्ये हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी टोचतो, जुन्या वाइनमध्ये जिभेवर नुसता पातळ थर बसल्यासारखा वाटतो. आणि घोट गिळल्यानंतर मनात आकडे मोजा, चव किती वेळ टिकते. चांगल्या जुन्या वाइनचं खरं वैभव मला विचाराल तर या शेवटात असतं, रंग फिका, अंगाने हलकी, आणि गिळून झाल्यावर अर्धा मिनिट वास तोंडात फिरतच राहतो. जिला हे नाही ती नुसतीच म्हातारी झालेली वाइन.

हा प्रयोग शंभर टक्के शुद्ध नाही हे मान्य. ग्रान रेसेर्वासाठी द्राक्षंच निवडक घेतलेली असतात, वर्ष वेगळं, आणि पिंपातला काळही जास्त, म्हणजे तुम्हाला दिसतो तो सगळा फरक एकट्या बाटलीचा नाही. रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरतात, त्याचा खोबरं आणि व्हॅनिलासारखा वास येतो, तो पिंपाचा. पण दिशा कळते, आणि जुनी चव तुम्हाला झेपते का ते एका संध्याकाळी कळतं. नाही आवडली तर इथेच थांबा, तरुण वाइन प्या, मजेत राहा, यात कमीपणा काहीच नाही.

पायरी ३: ठेवण्यालायक वाइन ओळखा

आवडली तर पुढे वाचा.

जगातल्या बहुतेक वाइन घेतल्यापासून वर्ष-दोन वर्षांत संपवायलाच बनवलेल्या असतात. फ्रान्सची बोजोले नूव्हो तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि काही महिन्यांत संपवावी अशी अपेक्षा असते. ठेवायच्या वाइनला टॅनिन हवं, आम्लता हवी, आणि या दोघांना पुरून उरेल एवढा फळाचा गाभा हवा. यातला तिसरा मुद्दा लोक विसरतात. नुसती कडक तुरट वाइन ठेवली तर तुरटपणा मऊ होईपर्यंत फळ सुकून जातं आणि हाती काहीच लागत नाही. आज प्यायल्यावर जी तुरट आहे पण तरीही चवदार लागते, ती ठेवा.

द्राक्षांपैकी कॅबर्ने सोविन्यों, नेब्बिओलो, सिरा (म्हणजेच शिराझ), टेम्प्रानियो, सांजोवेझे ही चांगल्या हातात पडली तर टिकणारी. इटलीतली बारोलो नेब्बिओलोची, कायद्यानेच ३८ महिने तिला बाहेर काढता येत नाही, आणि तरी बाहेर आल्यावर पहिली काही वर्षं ती तोंड असं आवळते की नवशिक्याने तिथून सुरुवात करूच नये.

आपल्याकडचं काय, तर नाशिकची रोजची रेड ठेवायच्या भानगडीत पडू नका, ती ताजीच छान. वरच्या रांगेतल्या, म्हणजे सुलाची रासा शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व, अशांवर प्रयोग करायला हरकत नाही, पण काही वर्षांचा हिशोब धरा, वीस वर्षांचा नको. आणि एक बारीक गोष्ट, लेबलवरचं वर्ष तोडणीचं असतं. नाशिकला तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे दोन्हींवर २०२० लिहिलेलं असलं तरी नाशिकवाली सहा-आठ महिन्यांनी मोठी.

मुलाच्या किंवा मुलीच्या जन्मवर्षाची बाटली ठेवू का असं बरेच जण विचारतात. ठेवा, पण साधी रेड नको, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट घ्या. ती गोड, अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग ती बाटलीतच दशकं काढते. मात्र ती दरवर्षी बनत नाही, खास वर्षं जाहीर होतात, २०११, २०१६ आणि २०१७ ही अलीकडची मोठी. २०१६ चं मूल २०३७ मध्ये २१ वर्षांचं होईल, महाराष्ट्रात वाइनचं कायदेशीर वय तेच, हिशोब छान बसतो. आणि कृपा करून गोव्याहून आणलेली स्वस्त गोड पोर्ट यासाठी ठेवू नका, ती वेगळीच गोष्ट आहे, नाव तेवढं सारखं.

पायरी ४: एकाच वाइनच्या सहा बाटल्या

बाटलीतला बदल शिकायचा असेल तर सहा वेगवेगळ्या वाइन घेण्यापेक्षा एकाच वाइनच्या, एकाच वर्षाच्या, एकाच दुकानातून एकदम घेतलेल्या सहा बाटल्या घ्या. एक लगेच उघडा. ही पहिली बाटली न उघडता सहाच्या सहा आत ठेवल्या तर पुढे तुलना कशाशी करणार? बाकीच्या साधारण दीड-दोन वर्षांच्या अंतराने. चांगल्या रिओहा रेसेर्वासाठी हे वेळापत्रक ठीक, क्रियांझासाठी किंवा आपल्या रिझर्व वाइनसाठी अंतर वर्षावर आणा.

प्रत्येक वेळी वही काढून तेच तेच लिहा: तारीख, कडेचा रंग, फळ ताजं-शिजलेलं-सुकं यापैकी काय, तुरटपणा कुठे आणि किती, चव किती वेळ टिकली, आणि सगळ्यात शेवटी, आज दुसरा ग्लास घ्यावासा वाटला का. कवितेसारखं लिहायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वीची चव आठवते असं आपल्याला वाटतं, पण आठवत काही नसतं, वहीच खरं सांगते.

मधे एखादी बाटली एकदम गप्प निघाली तर घाबरू नका. बऱ्याच टॅनिनवाल्या वाइन बाटलीत गेल्यावर काही काळ बंद होतात, फळ गेलेलं, जुनेपणाचे वास अजून आलेले नाहीत, नुसतं तुरट पाणी. इंग्रजीत याला डम्ब फेज म्हणतात. हे कधी येतं, किती टिकतं, याचं वेळापत्रक कोणाकडेच नाही. अशा वेळी पुढची बाटली ठरलेल्यापेक्षा वर्षभर उशिरा उघडा. पण गप्प आणि संपलेली यात फरक आहे: गप्प वाइनचा रंग अजून तरतरीत असतो आणि तुरटपणा शाबूत असतो, संपलेलीचा रंग तपकिरी आणि आंबटपणा सोडून काही उरलेलं नसतं.

किती वर्षं टिकेल याच्या भाकितांवर फार विसंबूनही चालत नाही. १९७६ मध्ये पॅरिसला ती प्रसिद्ध ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे लेबल न दाखवता चाखणं, झाली ज्यात कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रान्सच्या वर आल्या, रेडमध्ये १९७३ ची स्टॅग्ज लीप पहिली. तेव्हा फ्रेंच बाजूचं म्हणणं पडलं की आता जिंकल्या ठीक आहे, पण या टिकणार नाहीत, आमच्या बोर्दो वयाबरोबर खुलतील. २००६ मध्ये तीस वर्षांनी त्याच रेड परत उघडल्या, लंडन आणि कॅलिफोर्नियातलं नापा दोन्हीकडे, आणि पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे, सगळ्यात वर रिज माँते बेल्लो १९७१. तज्ज्ञांचं हे, मग दुकानदाराने पंधरा वर्षं ठेवा म्हटलं तर किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा. म्हणून सहा बाटल्या.

चौथी तिसरीपेक्षा उतरलेली लागली तर उरलेल्या दोन जपत बसू नका, त्याच वर्षी पिऊन टाका.

पायरी ५: ठेवायची कुठे (इथेच आपली सगळी गोची आहे)

बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. वाइनला १२ ते १५ अंश, अंधार, थोडी दमट हवा आणि शांतता लागते. आपल्याकडे मे महिन्यात नाशिक, पुणे, नागपूर कुठेही घरात ३० च्या वर असतं, नागपूरला तर विचारूच नका. उष्णतेत रासायनिक क्रिया भरभर होतात, पण वाइन नुसती लवकर म्हातारी होत नाही, वेगळ्याच वाटेने जाते. ताजं फळ थेट शिजलेल्या जॅमसारखं होतं आणि जे वास हळूहळू यायला हवेत ते येतच नाहीत. म्हणजे उन्हाळ्याची दोन वर्षं बरोबर तळघरातली आठ वर्षं, असा शॉर्टकट निघत नाही.

माळ्यावर ठेवू नका, वरून स्लॅब तापतो. किचनमध्ये नको, फ्रिजच्या वर तर नकोच, मागून गरम हवा येते. सहा-आठ महिन्यांसाठी ठेवायची असेल तर आतल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, आणि एप्रिल-मेपुरती सरळ घरच्या फ्रिजमध्ये टाका. फ्रिज ४-५ अंशांवर असतो, हवा कोरडी असते, कॉम्प्रेसरची थरथर असते, वर्षानुवर्षांसाठी वाईट, पण उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी कपाटापेक्षा कितीतरी बरा.

खरंच पाच-दहा वर्षं ठेवायची असेल तर वाइन कूलरला पर्याय नाही. छोटा घ्या, १३ अंशांवर लावा आणि विसरून जा. लाइट गेली तर दार उघडू नका, काही तासांनी काही बिघडत नाही, आतल्या बाटल्या हळूहळूच तापतात. रोज वर-खाली होणारं तापमान जास्त घातक, कारण वाइन प्रसरण पावते, आकुंचन पावते, बूच ढिलं होतं आणि हवा आत जाते. बाटल्या आडव्या ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं, स्क्रू-कॅप असेल तर उभी चालते.

ज्यांच्याकडे अमेरिकेत बेसमेंट आहे ते नशीबवान, पण हीटर-बॉयलरपासून लांबचा कोपरा शोधा आणि आधी वर्षभर तिथे थर्मामीटर ठेवून बघा. गॅरेज मात्र नको, हिवाळ्यात गोठतं आणि उन्हाळ्यात भट्टी. दुबईवाल्यांनो, एसी चोवीस तास चालू असला तरी खोली २३-२४ ला असते, थोड्या काळासाठी ठीक, दहा वर्षांसाठी नाही.

घेतानाही बघा. दुकानात बाटली उन्हाच्या काचेत उभी असेल, बूच थोडं वर आलेलं असेल, कॅपच्या खाली चिकट ओघळ असेल तर सोडून द्या, कितीही डिस्काउंट असू दे. महाराष्ट्रात घरी बाटल्या ठेवायला परमिटचे आणि मर्यादेचे नियम काय आहेत, तेही आधी बघून घ्या.

पायरी ६: उघडताना

बाटली आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ खाली बसतो, दहा वर्षांच्या वरची असेल तर दोन-तीन दिवस आधी. प्रवासातून आली असेल तर काही आठवडे पडू द्या. पिताना तापमान १६-१८ अंश, म्हणजे आपल्याकडे रूम टेंपरेचर नाही, फ्रिजमध्ये अर्धा तास घालून काढा. गरम जुनी वाइन नुसती अल्कोहोलची वाफ मारते.

जुनं बूच भुसभुशीत असतं, नेहमीचा स्क्रू जोरात ओढला की अर्धं वर आणि अर्धं आत. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो, बुचाच्या दोन्ही बाजूंनी हलवत हलवत खाली सरकवायचा आणि फिरवत वर काढायचा, तो घेऊन ठेवा, फार महाग नसतो. तुकडे पडलेच तर चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा, जगबुडी होत नाही.

डिकँट करताना, म्हणजे वाइन दुसऱ्या भांड्यात ओतताना, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकाच संथ धारेत ओता, गाळाची रेघ मानेपाशी आली की थांबा, खाली दोन बोटं वाइन गेली तर जाऊ दे. इथे उलटसुलट सल्ले ऐकायला मिळतात म्हणून सांगतो: तरुण तुरट वाइनला तास-दोन तास हवा द्या, फायदा होतो. फार जुनीला गाळ वेगळा करण्यापुरतंच ओता आणि लगेच वाढा, तिच्यातले नाजूक वास अर्ध्या तासात उडून जाऊ शकतात.

जुनी की खराब?

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट वर्तमानपत्राचा वास येत असेल आणि हवा लागल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर तो बुचाचा दोष, टीसीए नावाच्या संयुगामुळे होतो, वयाशी संबंध नाही, तरुण बाटलीतही होतो. रंग पार तपकिरी, वास शेरी या स्पॅनिश वाइनसारखा, चव सपाट असेल तर ऑक्सिजन जास्त लागलाय. जॅम आणि करपलेली साखर म्हणजे उष्णता. तबेल्याचा किंवा बँडेजचा वास म्हणजे ब्रेट नावाचं यीस्ट, थोडं असेल तर काही लोकांना आवडतं, मला नाही आवडत. चामडं, तंबाखू, अळंबी, सुकं फळ, आणि त्याच्या मागे थोडी तरी गोडसर फळाची आठवण, हे निरोगी म्हातारपण. फळ अजिबात नसेल तर उशीर झालाय.

बरोबर काय खायचं

तांबडा रस्सा, मालवणी सुकं, ठेचा, यातलं काहीही जुन्या वाइनसमोर ठेवू नका, तिखटासमोर तिचं काही चालत नाही आणि नाजूक वास तर पहिल्या घासातच संपतात. झणझणीत जेवण असेल त्या दिवशी बिअर प्या. रिओहात द्राक्षाच्या छाटलेल्या काटक्यांच्या निखाऱ्यावर कोवळ्या कोकराच्या चॉप्स भाजतात, वर नुसतं मीठ, तसं काहीतरी करा: मीठ-मिरं लावून भाजलेलं मटण, तुपात परतलेली अळंबी, फार उग्र नसलेलं चीज. तरुण तुरट वाइनला मात्र चरबी आणि प्रथिनं हवीतच, तुरटपणा त्यात जिरतो, नुसती पिण्यापेक्षा ती जेवणाबरोबर दुप्पट बरी लागते.

७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. तरुण वाइन उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस आरामात राहते, कधी कधी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पंधरा-वीस वर्षांची बाटली त्याच रात्री संपवावी लागते, सकाळपर्यंत तिच्यात काही राहत नाही, तेव्हा ती उघडायच्या दिवशी किमान तीन जण तरी जेवायला असतील असं बघा.